गाळून वाचलेली कादंबरी

माझ्या सासरी भाजी कापत नसत, सुधारत. 'भेंडी कापू का?' असं मी लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी विचारलं, तेव्हा सासूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "बिनणी," त्या म्हणाल्या, "या घरात कापणं नाही." बिनणी म्हणजे सून. पिढ्यान्‌पिढ्या जुन्नरच्या पेठेत राहून घराची बोली मराठी झाली होती, पण मारवाडातून आलेले असे चारदोन शब्द अजून शाबूत होते.

माझं माहेरही जैनांचंच, पण नगरकडचं आणि जरा सैल. आम्ही कांदा-लसूण टाळायचो, पर्युषणात उपास करायचो आणि उरलेलं वर्ष तोंडाला येईल ते बोलायचो. सासूबाईंना मी आई म्हणत असे. हिंसा तीन प्रकारची, असं त्या शिकवायच्या. मनानं, वचनानं आणि कायेनं. काया आपल्या हातात असते आणि मन कुणालाच दिसत नाही, म्हणून त्यांचा सगळा पहारा वचनावर होता. 'एका दगडात दोन पक्षी' ही म्हण आमच्याकडे 'एका फेरीत दोन कामं' अशी व्हायची. हाक द्यायची, मारायची नाही. गप्पा करायच्या. माझे यजमान एकदा 'चक्कर मारून येतो' म्हणाले, तर आईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चक्कर न मारता घरातच बसले.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. घरी बसून बाहेरून एम.ए. करायचं, हे लग्नाच्या बैठकीत सर्वांनी मान्य केलं होतं. लग्न झाल्यावर ते सर्वांच्याच लक्षातून गेलं. माझ्या लक्षात होतं, कारण मला दुसरं काहीच नको होतं. दागिन्यांवरून मी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण या एका गोष्टीवरून मी रोज मनातल्या मनात भांडत होते. यजमानांना विचारावं तर ते म्हणायचे, बाबूजींना विचार. बाबूजी म्हणजे माझे सासरे.

बाबूजींशी भांडणं अशक्य होतं, कारण ते भांडतच नसत. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. एखाद्या बाईनं साड्यांचा ढीग उलगडायला लावून एकही घेतली नाही, तरी ते हात जोडून 'या परत' म्हणायचे. ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जायचे. त्यांचा चढलेला आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. मी एम.ए.चा विषय काढला की ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि इतक्या मायेनं 'पुढच्या वर्षी बघू, बेटा' म्हणायचे की मला आभार मानावेसे वाटायचे. खोलीत गेल्यावर लक्षात यायचं की आपल्या हाती काहीच लागलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी चिकाटी सोडली नाही, तेव्हा त्यांनी अडचण सांगितली. "शिकायला माझी ना नाही. पण त्या इंग्रजी कादंबऱ्या. त्यांच्यात खून, मारामाऱ्या. ती हिंसा घरात कशाला आणायची?" मग आईंकडे वळून म्हणाले, "तू एक पुस्तक वाचून घे तिच्याकडून. तसं काही नसलं तर बघू."

अशा रीतीनं, ज्यांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं त्या माझ्या सासूबाई माझ्या परीक्षक झाल्या.

अभ्यासक्रमात एक जुनी कादंबरी होती, ती मी मुद्दाम निवडली. तिच्यात खून नव्हता. इंग्लंडातल्या एका खेड्यात काका-काकूंकडे वाढलेली अनाथ पुतणी असते. तिला शहरात जाऊन शिकून मास्तरीण व्हायचं असतं. एवढीच गोष्ट. यात हिंसा कुठून येणार, असं मला वाटलं.

दुपारी आईंची सामायिक, म्हणजे दोन घटकांचं ध्यान, आटोपली की माजघरात गव्हाचं सूप घेऊन आम्ही बसायचो. आई गहू निवडायच्या आणि सापडलेला किडा अलगद एका वाटीत ठेवायच्या. वाटीत त्याच्यासाठी चार दाणेही असायचे. मग ती वाटी परसात सावलीला नेऊन ठेवायची. हे काम घाईनं होत नसे, त्यामुळे वाचायला भरपूर वेळ होता. मी इंग्रजी वाक्य मनात वाचायची आणि मराठीत मोठ्यानं सांगायची. ऐकायला अजून एक जण असायची. डोंगराकडून, आपटाळ्याच्या पुढच्या एका वाडीवरून येणारी दूधवाली मावशी. सकाळी दूध घालून झालं की दुपारच्या एसटीपर्यंत ती आमच्याकडेच टेकायची. भातशेती, दोन म्हशी आणि कशालाही न भिणारी जीभ, एवढी तिची मालमत्ता होती.

पहिल्याच पानावर काकांची ओळख आली. घरी खारवलेलं डुकराचं मांस आणणारा माणूस, असं लेखकानं लिहिलं होतं. म्हणजे घरातला कमावता. बी.ए.ला असताना असली वाक्यं मी अर्थ पाठ करून गिळली होती. त्यांच्यात डुक्कर आहे हे मला तेव्हा कधी दिसलंच नव्हतं. गव्हातला किडा वाचवणाऱ्या बाईसमोर बसल्यावर ते आख्खं दिसलं, शेपटीसकट.

"काय म्हणतो?" आईंनी विचारलं.

"काका घरी पीठ-मीठ आणतात," मी म्हणाले.

"चांगला आहे," आई म्हणाल्या.

त्यानंतर माझ्या नाकी नऊ आले. या इंग्रजांना साधं बोलताच येत नाही की काय, असा मला राग यायला लागला. एखाद्याला दुसरी कामं आहेत, तर त्याला म्हणे दुसरे मासे तळायचेत. मी त्याला दुसरी भजी तळायला लावली. फुकटची खटपट करू नको, हे सांगायला ते मेलेल्या घोड्याला चाबकानं मारायचे. मी त्यांना पालथ्या घड्यावर पाणी ओतायला लावलं. एकाच कामाच्या अनेक तऱ्हा असतात, यासाठी तर मांजर सोलायच्या अनेक तऱ्हा. ते वाक्य वाचून मला खोकला आला आणि तो पान उलटेपर्यंत थांबला नाही.

सगळ्यात वाईट होती काकू. तापट बाई. तिच्या तोंडी लेखकानं एकही वाक्य असं घातलं नव्हतं की ज्यात कुणाची तरी मान पिरगाळली जात नाही किंवा कातडी सोलली जात नाही. तिचं सगळं बोलणं मी गाळून टाकलं. ती स्वयंपाकघरात येते, मी थांबते, ती निघून जाते.

"ही बाई मुकी आहे का गं?" आईंनी एकदा विचारलं.

"मितभाषी आहे," मी म्हणाले.

दूधवाल्या मावशीला मात्र वेगळाच संशय होता. कादंबरीत नाताळ आला, दहा-बारा पाहुणे जमले, आणि मी त्यांना बटाट्याची भाजी आणि शिरा वाढला. बटाटा जमिनीखालचा, म्हणून आईंच्या कपाळावर आठी आली. पण मावशीनं सुपावरचा हातच काढला. "वैनी, येवढं पावणं आलं आन् येक कोंबडं न्हाई? आमच्याकडं असं क्येलं तर पावणा परत पायरी न्हाई चढायचा."

"साधी माणसं आहेत ती," मी म्हणाले.

"साधी न्हाई, चिक्कू हायेत," मावशी म्हणाली आणि इंग्रजांचा विषय तिनं तेवढ्यापुरता मिटवला.

आणि मग देवच पावला. लेखकानं काकांबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, जे मला बदलावं लागलं नाही. हा माणूस माशीलासुद्धा इजा करणार नाही. मी ते दोनदा वाचलं. आईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालो आपण एम.ए. "मी सांगत नव्हते, चांगला आहे म्हणून? अगदी आपल्या बाबूजींसारखा." त्या दिवशी जेवताना त्यांनी बाबूजींनाही ते सांगितलं. विलायतेत तुमच्यासारखाच एक आहे म्हणून. बाबूजी लाजले.

हे वाक्य इंग्रज कुठल्या सुरात म्हणतात, ते मला पुस्तकी माहीत होतं. बिचारा, निरुपद्रवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा तो सूर. थोडी कीव, थोडी थट्टा. पण आमच्या घरात माशी न मारणं ही थट्टा नव्हती, ती आयुष्यभराची कमाई होती. आईंनी काकांना त्या एका वाक्यावर पहिल्या नंबरात पास केलं आणि मीही गप्प बसले. माझं काम होत होतं.

पुढं पुतणीनं काकांपाशी शहरात जायचा विषय काढला. आई निश्चिंत होत्या. काका हसले, तिचे केस कुरवाळले आणि म्हणाले, येत्या वसंतात बघू. दोन प्रकरणांनंतर वसंत आला. काकांनी पुन्हा केस कुरवाळले. येत्या वसंतात बघू.

"असेल काही अडचण," आई म्हणाल्या.

पण त्या दुपारी त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिनणी, वाचताना तुझे डोळे पुढं जातात आणि तोंड मागं राहतं. तू गाळतेस."

मी पुस्तक मिटलं. संपलं, असं मला वाटलं. दोन वर्षांची चिकाटी एका खोकल्यापायी गेली.

"गाळण्याला मी वाईट म्हणत नाही," आई म्हणाल्या. "मी जन्मभर पाणी गाळलंय. पण गाळण्यात जे जीव राहतात ते आपण फेकत नाही, त्याच विहिरीत परत सोडतो. तू काढलेलं कुठं टाकलंस?"

मावशी पुढं सरकली. "मी म्हनलंच व्हतं. कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?"

मग मी सगळं परत सोडलं. डुक्कर, मासे, घोडा, मांजर आणि काकू. भीत भीत, एकेक. आईंनी पदर तोंडाशी धरला होता, पण थांब म्हणाल्या नाहीत. उलट त्या प्रत्येकाची चौकशी करायला लागल्या.

"मेलेल्या घोड्याला मारतात? तो तर मेलेला आहे."

"मंग पाप न्हाई लागत," मावशी म्हणाली.

"मनाचं लागतं," आई म्हणाल्या. "पण कायेचं नाही. आणि तो घोडा कुणाचा?"

"कुणाचाच नाही, आई. नुसतं बोलायचं असतं."

"आणि मांजर?"

"तीही नाही. त्यांना मांजरी फार आवडतात. मांडीवर घेऊन बसतात."

आई थक्क झाल्या. मांडीवरच्या मांजरीला कुरवाळत तिला सोलायची भाषा करणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. मावशीला मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. "मी आमच्या रेडकाला रोज म्हनते, मुडदा बशिवला तुजा. आन् त्येला पाजल्याबिगर च्या न्हाई घेत." काकूचं खरं बोलणं ऐकून तर ती खुलून गेली. "आता कशी बाई बोलली. मला वाटलं, हिची वाचा ग्येली."

त्यानंतर आमची कादंबरी पळायला लागली. आई दुपारची वाट बघायच्या. एखादी म्हण आली की वाचन थांबवून ती मनाची, वचनाची की कायेची ते ठरायचं, आणि या चर्चेत मावशीची एसटी दोनदा चुकली. बदक शिजलं म्हणजे माणसाचा कार्यभाग बुडाला, यावर आईंनी विचारलं की बदकाचा बुडाला त्याचं काय.  

आणि वसंत येत राहिले. काका दर वेळी तितकेच प्रेमळ होते. त्यांनी पुतणीला कधी नाही म्हटलं नाही, कधी रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते पुढचा वसंत दाखवायचे. तिची तिशी उलटली, एक केस पांढरा झाला, आणि काकांनी तोच केस मायेनं कानामागे सारला. तो हात मला ओळखीचा होता.

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "ह्या मुर्दाडानं तर क्येसानं गळा कापला पोरीचा."

 आईंची बोटं गव्हात थांबली होती.

शेवटी काकूच उठली. एका सकाळी तिनं स्वतः पाळलेली सगळी बदकं बाजारात विकली, पैसे पुतणीच्या मुठीत कोंबले आणि तिला गाडीत ढकलून म्हणाली, परत आलीस तर तंगडी मोडीन. कादंबरी संपली. मावशी डोळे पुसत होती. आईंनी बदकांचा विचार केला. "घेणारे ती खाणार. त्याचं पाप तिला लागणार." मग म्हणाल्या, "लागू दे. तिला झेपेल."

त्याच दिवशी संध्याकाळी बाबूजी नेहमीप्रमाणे दिवस असताना जेवायला आले. आमच्याकडे सूर्य मावळला की अन्नही बंद आणि पाणीही बंद. ताट उरकत आलं, तसं त्यांनी विचारलं, "मग? काय म्हणतं पुस्तक? हिंसा आहे का?"

आई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"आहे," त्या म्हणाल्या. "पानापानावर आहे. घोडा, मांजर, बदक, काही सोडलेलं नाही. पण सगळी वचनाची. हात कुणी कुणाला लावत नाही."

"वचनाची का होईना, हिंसा ती हिंसाच," बाबूजी मायेनं म्हणाले. "पुढच्या वर्षी एखादं चांगलं पुस्तक लागलं तर बघू."

"त्यात तो काका आहे ना," आई म्हणाल्या. "माशीला न दुखवणारा. तुमच्यासारखा."

बाबूजी हसले. "हो, तो. कसा आहे?"

"पुतणीला शिकायचं असतं. तो नाही म्हणत नाही. येत्या वसंतात बघू, म्हणतो. दर वसंतात म्हणतो." आई ताटाकडे बघत बोलत होत्या. "आपल्या मोठ्या लेकीची शाळा सुटली तेव्हाही तुम्ही आवाज चढवला नव्हता. डोक्यावरून हात फिरवलात. पुढच्या वर्षी बघू, म्हणालात. पोर किती दिवस दप्तर भरून ठेवायची. मला वाटायचं, किती सांभाळून बोलतात हे. मुंगीला वळसा घालतात. आज मला कळलं त्याला काय म्हणतात. केसानं गळा कापणं म्हणतात."

तो शब्द त्या घरात, त्या तोंडून, मी पहिल्यांदा ऐकला. बाबूजींनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. यजमान दाराशी आले होते, ते तिथूनच परत फिरले.

"तिला शाळेची आवड नव्हती," बाबूजी म्हणाले.

"विचारलं होतं?"

 बाबूजी नुसते बसून राहिले. समोर पाण्याचा तांब्या भरलेला होता, आणि कधीतरी खिडकीतलं ऊन गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की जेवणानंतरचं पाणी प्यायचं राहिलंय आणि आता ते पिता येणार नाही. त्यांनी तांब्या बाजूला सारला आणि उठले. त्यांचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण आनंद जास्त झाला होता, तोही लपवत नाही.

सकाळी दिवस चांगला वर आल्यावर त्यांनी पाणी घेतलं. मग दुकानात न जाता ते फोनपाशी गेले आणि सिन्नरला दिलेल्या थोरल्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, ताईंना एसटीडी लावला. ताईंना तेव्हा दोन मुलं होती आणि मोठा चौथीत होता. बाबूजींनी मुलांचं विचारलं, जावयांचं विचारलं. मग म्हणाले, "बेटा, तुला शाळा आवडायची का गं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मी दारात भाजीची टोपली घेऊन उभी होते. बाबूजी नुसते ऐकत होते, आणि ताई बराच वेळ बोलत होत्या. शेवटी त्यांनी 'हो, बेटा' म्हणून फोन ठेवला. दुकानाच्या किल्ल्या उचलून ते माझ्याजवळ आले. या वेळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही.

"फी किती भरायची असते?" त्यांनी विचारलं.